अंगणवाडी आहे, म्हणून बालवाडी नको?



‘अंगणवाड्या असताना बालवाड्यांसाठी नगरपालिकांनी राज्याकडे निधी मागणे ही उधळपट्टी,’ हे आपल्या अंकातील मत वस्तुस्थितीला धरून नाही.

एक, १९७५ पासूनच्या अंगणवाडी योजनेच्या सहा सेवांपैकी शालापूर्व शिक्षण ही फक्त एक. सेविका वजने घेते, आहार वाटते, गृहभेटी देते, मोबाइलवर माहिती भरते. बडबडगीतांना जेमतेम अर्धा तास उरतो. मुख्यसेविका म्हणून हे मी रोज पाहिले.

दोन, बालवाडी म्हणजे मुलांचे ‘लाड’ नव्हेत. सहा वर्षांखालील बालकांच्या संगोपन-शिक्षणासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे घटनेचा अनुच्छेद ४५ सांगतो. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ मध्ये शालापूर्व शिक्षणाची सक्ती नाही, हे मान्य. पण मनाईही नाही.

तीन, ‘खासगी केजी आहेतच’ म्हणे. धुणीभांडी करणाऱ्या आईने तिथली फी कुठून भरायची? बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, ते फी न परवडणाऱ्यांच्याच मुलांसाठी.

नगरपालिकांनी पट, खोल्या आणि शिक्षिकांचे मानधन यांचा चोख हिशेब मांडून प्रस्ताव जरूर पाठवावेत. पुढच्या अर्थसंकल्पापर्यंत आजचे तीन वर्षांचे मूल चार वर्षांचे झालेले असेल.

– एक निवृत्त मुख्यसेविका, डहाणू