दान, ऋतू आणि अन्न

६ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्याच नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात, कोष्टवाडी येथे एकादशीची भगर-आमटी खाऊन सुमारे २,००० लोकांना विषबाधा झाली. अशी वार्ता आली की बोट प्रथम आचाऱ्याकडे वळते, नाही तर दैवाकडे. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. आपल्या पंगतींनाही हा धोका तितकाच आहे.

अन्न बिघडते ते उष्णता, पाणी आणि वेळ यांच्या संयोगाने. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू वाढतात. अनुकूल स्थितीत काही जाती २० मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे एकाचे ७ तासांत २० लाख! मे महिन्यात मराठवाड्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि बुद्धपौर्णिमा बहुधा त्याच दिवसांत येते. पहाटे शिजवलेली दुधाची खीर दुपारपर्यंत मंडपात राहिली, तर आपली श्रद्धा तिला वाचवू शकत नाही. ती पुन्हा उकळणे हा उपायही फसवा आहे. स्टॅफिलोकोकस जिवाणूने सोडलेले विष उकळूनही टिकते. पावसाळ्यात धोका पाण्यातून येतो. घाण विहिरीत उतरते आणि फुटक्या नळात गटाराचे पाणी शिरते.

भिक्खूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे साधन आहे, आणि मिळालेले अन्न साठवून दुसऱ्या दिवशी खाण्यास विनयात मनाई आहे. महापरिनिब्बान सुत्तानुसार चुंदाच्या भोजनानंतर तथागत व्याधिग्रस्त झाले, तेव्हा चुंदाला कोणी दोष देऊ नये याची त्यांनी काळजी घेतली. परंतु दात्याला दोष न देणे म्हणजे कारण न शोधणे नव्हे.

निवासी शाळेत शेकडो लेकरे एकाच पातेल्यातले जेवतात. म्हणून खीर वाटपाच्या वेळीच शिजवावी, पाण्यात टीसीएलची मात्रा नियमित असावी, हगवण लागलेल्याने स्वयंपाकाला हात लावू नये. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, नाव कोरलेल्या भांड्यांऐवजी जलशुद्धीकरण यंत्र व शीतकपाट द्यावे.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी पाण्यावरील आपला हक्क बजावला. ते पाणी लेकरांच्या ओठी शुद्ध पोहोचविणे, हे आता आपले कर्तव्य आहे.