उंबऱ्याच्या आतला मित्र

शिमगा उरकला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या घरांत दोन कामं एकदमच निघतात. रब्बीची ज्वारी, गहू, हरभरा पोत्यांनी घरात येतो आणि पाडव्याच्या आत घर झाडून घ्यायचं असतं. ऊन तापू लागलं की किड्यांची वाढही झपाट्याने होते, त्यामुळे झुरळं, मुंग्या, पोरकिडे, डास आणि कोळी याच दिवसांत डोळ्यांत भरतात. त्यावरचा इलाजही ठरलेला: लांब काठीला बांधलेला झाडू आणि दुकानातून आणलेली फवाऱ्याची बाटली. पहिला वार बहुधा कोळ्यावर होतो, कारण त्याचं जाळं सगळ्यांत आधी दिसतं. हा क्रम चुकीचा आहे. कोळी दाणे खात नाही, लाकूड पोखरत नाही, भाकरीवर येऊन बसत नाही. तो किडे खातो, आणि किडे असतील तिथेच त्याचं भागतं. म्हणून जाळं दिसलं की त्यात काय अडकलंय आणि ते घरात शिरलं कुठून, हे आधी पाहायला हवं.

आपल्या शेतकऱ्याला हा विचार नवा नाही. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ, बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रं यांच्यामुळे एकात्मिक कीड व्यवस्थापन हे शब्द गावोगाव पोचले आहेत. आधी मशागत, सापळे आणि मित्रकिडी; फवारणी शेवटी. अकोले तालुक्यातल्या भातखाचरात तुडतुडे खाणारा कोळी मित्र मानला जातो. कपाशीत सरसकट फवारणी केली की मित्रकिडी मरतात आणि रसशोषक किडी पुन्हा उसळतात, हे कपाशी पिकवणाऱ्याला सांगावं लागत नाही. मग तोच कोळी उंबरा ओलांडून आत आला की शत्रू का ठरावा? भिंतीवर दिसणारा मोठा चपटा कोळी तर शिकारीसाठी जाळंही विणत नाही. रात्री तो झुरळांच्या मागावर फिरतो. मादी अंड्यांची चपटी पांढरी पिशवी पोटाखाली धरून दिवसभर कपाटामागे दडून राहते. बाटलीतला फवारा उघड्यावरच्या या कोळ्याला मारतो आणि मोरीच्या भेगेत खोल बसलेलं झुरळ वाचतं. शिवाय घरातली लहान तपकिरी झुरळं नेहमीच्या कीटकनाशकांना दाद देईनाशी झाल्याचं जगभर आढळलं आहे.

कोळी विषारी असतो, अंगावरून गेला की फोड येतात, असा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. कोळ्याला विष असतं हे खरं. भक्ष्य मारायला ते त्याला लागतंच. पण आपल्या घरांत नेहमी दिसणाऱ्या कोळ्यांपासून माणसाला धोका नाही, आणि नुसतं अंगावरून चालून गेल्याने फोड येत नाहीत. पावसाळ्यात दिव्यावर येणारा एक बारीक काळा-नारिंगी भुंगेरा अंगावर चिरडला गेला, तर त्याच्या द्रवाने कातडी भाजून निघते आणि आळ मात्र कोळ्यावर येतो. भ्यायचंच असेल तर विंचवाला भ्यावं. लाल विंचवाचं विष लहान मुलांच्या हृदयावर घाला घालतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून असे मृत्यू खूप घटले, पण त्यासाठी दवाखाना वेळेत गाठावा लागतो. विंचू घरात येऊ नये म्हणून त्याचा आसरा हलवणं अधिक शहाणपणाचं. भिंतीला टेकवून रचलेलं सरपण, गोवऱ्या, कडबा, विटांचा ढीग घरापासून लांब न्यायला हवा.

मग जळमटं तशीच ठेवायची का? मुळीच नाही. धुळीने काळी पडलेली जळमटं जरूर काढावीत, पण वाट बुजवली नाही तर महिनाभरात ती पुन्हा धरतात. माळवदाच्या घरात तुळई आणि भिंत यांच्यामधली फट, पत्र्याच्या घरात पत्र्याखालची मोकळी जागा, मोरीचं उघडं तोंड, दाराखालचं बोटभर अंतर या त्या वाटा. थोडं सिमेंट, मोरीला आणि खिडकीला जाळी, दाराला रबरी पट्टी, एवढ्यावर बरंच काम होतं. दारावरचा पांढरा झगझगीत दिवा किडे ओढतो. तो पिवळा केला आणि दारापासून दूर लावला तर किडे कमी होतात, आणि त्यांच्यामागे येणारे कोळीही.

धान्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. पोरकिड्याची मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि चिकट द्रवाने भोक बुजवून टाकते. अळी आतच दाणा पोखरते, कोषही आतच होतो, आणि महिना-दीड महिन्याने भुंगा बाहेर पडतो. चैत्रात स्वच्छ दिसलेलं पोतं ज्येष्ठात पिठाने भरतं ते यामुळे. दाणा दाताखाली कडकन फुटेपर्यंत उन्हात वाळवणं, ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या आत आणणं, जुनी पोती उलटी करून उकळत्या पाण्यातून काढणं आणि हवाबंद कोठी हे खरे उपाय. कडुलिंबाचा पाला मदत करतो, पण ओलसर धान्य नुसत्या पाल्याने वाचत नाही.

वर्षाच्या धान्याची जोखीम कशी घ्यायची, असं म्हणून पुष्कळ जण पोत्यात गोळ्या टाकतात. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सोडते आणि त्या विषावर उतारा नाही. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर केंद्र सरकारने २००१ सालीच बंदी घातली. पोत्यांच्या थप्पीशेजारी मुलं झोपतात अशा घरात ही गोळी येताच कामा नये. शेतातलं उरलेलं औषध घरात मारणंही तितकंच घातक. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उघड्या शिवारात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं दगावली. बंद खोलीत तर वाऱ्याचाही आधार नसतो.

डासांपुढे कोळी पुरा पडत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. टँकरवर जगणाऱ्या गावांत पाणी साठवावंच लागतं, आणि डेंग्यूच्या डासाची मादी पाण्याच्या रेषेवर, पिंपाच्या भिंतीला अंडी चिकटवते. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. आठवड्यातून एकदा आतली कड घासावी लागते आणि झाकण घट्ट बसवावं लागतं. इथेही बाटलीपेक्षा घासणीच कामाची.

या उपायांना खर्च फारसा नाही, पण माहिती वेळेवर हवी. कृषी विभागाच्या शेतीशाळेत पिकाच्या किडींचे वर्ग होतात. त्यातला एक वर्ग दर फाल्गुनात, धान्य घरात येण्याआधी, साठवणीसाठी आणि घरातल्या किडींसाठी भरवावा, आणि पोती, कोठी, पिंप रोज हाताळणाऱ्या बायकांना त्यात पुढे बसवावं. सहायक कृषी अधिकारी आणि आशाताई यांनी मिळून तो घ्यावा. ग्रामसभांनी हा ठराव यंदाच करावा.