कौटुंबिक कारण

वर्षभर दोन शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. सकाळी पेपर उघडावा, तर आतल्या पानावर खाली कोपऱ्यात पाच ओळींची बातमी. अमुक ठाण्यात नेमणुकीला असलेल्या हवालदाराने आयुष्य संपवलं. वय चाळिशीच्या पुढे. मागे पत्नी, दोन मुलं, म्हातारी आई. आणि शेवटची ओळ: 'कारण समजू शकलं नाही, मात्र कौटुंबिक कारणातून हे पाऊल उचलल्याचा अंदाज आहे.' गाव बदलतं, हुद्दा बदलतो, ही ओळ बदलत नाही. जानेवारीपासून मी ही कात्रणं एका पाकिटात ठेवत आले. दिवाळी अंकाची पानं छपाईला गेली, टेबल आवरून झालं आणि ते पाकीट तेवढं राहिलं. म्हणून यंदाचं संपादकीय त्याच्यावर.

'कौटुंबिक कारण' हे शब्द मला खोटे वाटत नाहीत. घरात भांडण झालंही असेल. कर्ज असेल, बायकोने बोलणं टाकलं असेल. पण ते भांडण कशावरून झालं, हे विचारायला कोणी जात नाही. मुलीचा दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी बाप नाकाबंदीला उभा. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख तीनदा पुढे, कारण मंजूर झालेली रजा ऐन वेळी बंदोबस्तामुळे रद्द. चोवीस तासांनी घरी आलेला माणूस चप्पल काढता काढता कशावरून तरी खेकसतो. दिवसभर वरिष्ठांचं ऐकलं, पुढाऱ्यांच्या कार्यकर्त्यांचं ऐकलं, जमावाचं ऐकलं, आणि ज्यांच्यावर आवाज चढवला तर कसुरी अहवाल जात नाही अशी माणसं त्याला घरातच सापडतात. हळूहळू मुलं त्याला काही सांगायची थांबतात. हे वर्षानुवर्षं साचत जातं आणि एक दिवस कागदावर 'कौटुंबिक' असं लिहिलं जातं. घर पोखरलं ड्यूटीने, नोंद मात्र घराच्या नावावर. पोलीस लाइनीत मागे राहिलेल्या बाईला पुढचं सगळं आयुष्य तो शब्द डोक्यावर घेऊन काढायचा असतो. माझा सगळ्यात जास्त राग त्यासाठी आहे.

गेल्या डिसेंबरात एका शहरात पोलिसांसाठी भरलेल्या तणावमुक्ती शिबिरात मला बोलावलं होतं. विषय दिला होता, वाचन आणि मनःशांती. सभागृह भरलेलं होतं. मी चाळीस मिनिटं बोलले. तिसऱ्या रांगेतल्या एका हवालदारांची मान पाचव्या मिनिटालाच छातीवर कलली. शेजारच्याने एकदा कोपराने ढोसलं, मग सोडून दिलं. चहाच्या वेळी तेच माझ्यापाशी आले. 'मॅडम, माफ करा. रात्रपाळी संपवून थेट इकडं आलोय. आज माझी साप्ताहिक सुट्टी होती, ती शिबिरात लागली.' मी म्हटलं, मग यायचं नाही ना. ते म्हणाले, 'हजेरी आहे.'

त्यानंतर कोणत्याही शिबिरात बोलायला मी गेलेले नाही. योगासनांशी माझं वैर नाही, ध्यानाशी नाही. पण ज्याला झोप हवी त्याची सुट्टी घेऊन त्याला शांत कसं व्हावं हे शिकवायचं, यात काहीतरी मुळातच चुकलेलं आहे. शिबिर त्याला सांगतं की ताण तुझ्या आत आहे, श्वास नीट घे. भिंतीवर लावलेल्या ड्यूटीच्या तक्त्याकडे मात्र कोणी बोट दाखवत नाही. बातमीतला 'कौटुंबिक' शब्द आणि हे शिबिर, दोन्ही त्या माणसाला एकच गोष्ट सांगतात: दोष तुझा, नाही तर तुझ्या घरच्यांचा.

तक्त्याबद्दल सगळं माहीत आहे, हे त्याहून वाईट. २०१४ साली पोलीस संशोधन व विकास ब्युरोने हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजकडून देशभरातल्या पोलीस ठाण्यांची पाहणी करून घेतली. ठाण्यांतले सुमारे ९० टक्के कर्मचारी आठ तासांपेक्षा जास्त काम करत होते. आपल्या माणसांना रोज ११ तास किंवा अधिक थांबावं लागतं, असं दोन-तृतीयांशांहून जास्त ठाणेप्रमुखांनी स्वतः सांगितलं. कर्मचाऱ्यांना महिन्यात एकदाही साप्ताहिक सुट्टी घेता येत नाही, असं सांगणारे ठाणेप्रमुख चारात जवळजवळ तीन होते. हे तक्रारखोर शिपायाचं म्हणणं नाही, ड्यूटी लावणाऱ्यांचंच आहे. २०१९ मध्ये कॉमन कॉज आणि लोकनीती यांच्या अहवालात दिवसाचे सरासरी १४ तास निघाले. अहवाल छापले गेले, प्रकाशित झाले, कपाटात गेले.

संपादकीयात वर्षाचा आढावा घ्यायचा असतो, पण यंदाचा, २०२५ चा, आढावा मी लांबवणार नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. आपल्या राजांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा निर्णय लोकांनी मागे घ्यायला लावला. सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला आणि हे लिहीपर्यंत ते पाणी अनेक घरांतून ओसरलेलं नव्हतं. या चारही गोष्टींवर आत सविस्तर लेख आहेत.

मला थांबायचं आहे ते ऑगस्टच्या अखेरीपाशी. जुलैत सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला. २७ ऑगस्टला गणपती बसले. २९ तारखेला मराठा आरक्षणाचं आंदोलन आझाद मैदानावर आलं आणि २ सप्टेंबरपर्यंत दक्षिण मुंबई गच्च भरलेली होती. ६ तारखेला अनंत चतुर्दशी. लालबागच्या राजाचं विसर्जन भरतीमुळे अडलं, ते दुसऱ्या दिवशी रात्री झालं. ८ तारखेला ईदचा जुलूस. पुढे दोन आठवड्यांत नवरात्र. हे सगळं शांततेत पार पडलं आणि पेपरांत मथळे आले, 'चोख बंदोबस्त'. त्या चोखपणातला शिपाई या दिवसांत किती वेळ झोपला, जेवला कुठे, त्याच्याबरोबरची महिला अंमलदार स्वच्छतागृहासाठी कोणाच्या दारात गेली, हे एकाही मथळ्याखाली नव्हतं. मी गणपतीची मिरवणूक पाहतच वाढले आहे, मला ती हवी आहे. पण मिरवणूक तीस तास चालते तेव्हा तिच्या कडेला दोरखंड धरून तीस तास कोणीतरी उभं असतं. आपली मंडळं, आपले ढोल, आपण हा हिशेब कधी केलेलाच नाही. मंडळांच्या अध्यक्षांपैकी पुष्कळ जण या अंकाचे वाचक आहेत. त्यांनी पुढच्या वर्षीच्या पहिल्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

आठ तास शक्यच नाहीत, माणसं कमी आहेत, हे उत्तर तयार असतं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं देवनारने दाखवलं. मे २०१६ मध्ये मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू केली, आणि तिचं वेळापत्रक मांडलं होतं त्याच ठाण्यातल्या एका शिपायाने. ज्याच्या अंगावर तक्ता पडत होता त्यानेच तो सोडवून दाखवला. पुढे ही पद्धत मुंबईतल्या ठाण्यांत पसरली. मुलांना शाळेत सोडायला जाणारे पोलीस लाइनीत दिसू लागले. मग कोविड आला आणि आठ तास पुन्हा वाहून गेले. २०२२ मध्ये वरिष्ठ पोलीस अधिकारी संजय पांडे यांच्या पुढाकाराने महिला अंमलदारांसाठी आठ तास आले, त्याच वर्षी किरकोळ रजा बारावरून वीस झाल्या. चांगलं झालं. पण जी सोय एका अधिकाऱ्याच्या चांगुलपणावर टिकते ती त्याच्या बदलीबरोबर हलायला लागते. आठ तास नियमात हवेत.

आणि ते मागायचं कोणी? गिरणी संपाच्या त्या वर्षी, १९८२ च्या स्वातंत्र्यदिनाला मुंबईतल्या पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. त्यांनाही कामाच्या तासांबद्दल, राहायच्या खोल्यांबद्दल, वरिष्ठांकडून मिळणाऱ्या वागणुकीबद्दल बोलायचं होतं. १८ ऑगस्टच्या पहाटे त्यांच्या संघटनेच्या नेत्यांना धरलं आणि शहर पेटलं. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. लष्कर बोलवावं लागलं. त्या दिवशीची जाळपोळ मी योग्य म्हणणार नाही. पण त्या दिवशी पोलिसांची संघटना गेली, ती कायमची. त्यानंतर एक अख्खी पिढी भरती होऊन निवृत्तही झाली. बोलायची जागा बंद केली की माणूस गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्याला आपण शिस्त म्हणतो.

आमच्या या अंकाचा विशेष विभाग 'रात्र' असा आहे. परिचारिका, बेकरीतला भट्टीवाला, ट्रकचालक, वृत्तपत्र टाकणारी मुलगी अशा जागणाऱ्या माणसांनी त्यात लिहिलं आहे. त्यात आणखी एक लेख होता. लोहमार्ग पोलिसांतल्या एका तरुण शिपायाने वहीच्या अकरा पानांवर लिहून पाठवलेला. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. जूनमध्ये मुंब्र्याच्या वळणावर लोकलमधून माणसं पडली तेव्हा आपण सगळे चार दिवस हळहळलो. या मुलासाठी तो नेहमीच्या कामातला आणखी एक दिवस होता. लेख अक्षरजुळणीला गेला आणि त्याचा फोन आला. 'ताई, छापू नका. नाव काढलं तरी ओळखतील.' डोक्यावर परिणाम झालाय असा शिक्का बसेल, हत्यार काढून घेतील, कुठेतरी कोपऱ्यात टाकतील, बढतीच्या वेळी कोणाला तरी आठवेल, ही त्याची भीती. मी लेख काढला. त्यातली एकच गोष्ट सांगायची परवानगी त्याने दिली आहे: रुळाशेजारच्या मृतदेहाच्या खिशातला फोन वाजतो, पडद्यावर 'आई' असं येतं, आणि तो उचलायचा की नाही हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. तो पंचनामा संपवून घरी जातो आणि त्याची स्वतःची आई विचारते, जेवणार ना?

अशा मुलाला ज्याच्याशी बोलता येईल असा समुपदेशक त्याच्या साहेबाच्या हाताखालचा असून चालणार नाही. त्या मुलाने काय सांगितलं ते सेवापुस्तकाच्या आसपासही फिरकता कामा नये. दर मोठ्या दुर्घटनेनंतर पंचनामा करणाऱ्यांना दोन दिवस सुट्टी आणि बोलायला माणूस, हे हक्काने मिळायला हवं. तोवर निदान एवढं: टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लाइनीतल्या बायकांनो, हा क्रमांक फ्रिजवर लावून ठेवा. तुमच्यासाठीसुद्धा.

यंदा लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आहे. १९५९ साली त्याच तारखेला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जपाशी चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा पोलीस मारले गेले. म्हणून हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळतात. सकाळी परेड होते, वर्षभरात कर्तव्यावर वीरमरण आलेल्यांची नावं वाचली जातात. माझ्या पाकिटातली नावं त्या यादीत नसतील.

हे लिहायला बसण्यापूर्वी मी तिसऱ्या रांगेतल्या त्या हवालदारांना फोन केला. लक्ष्मीपूजनाला सकाळी परेड, दुपारी दोनपासून बाजारपेठेत बंदोबस्त, असं त्यांनी सांगितलं. मग घरच्या पूजेचं काय, मी विचारलं. 'मुलगी नववीत आहे. पप्पा आल्याशिवाय दिवा लावायचा नाही म्हणते,' ते म्हणाले. 'मागच्या वर्षी पोचलो तेव्हा पाटाशेजारीच झोपली होती.'