वठलेली झाडे उभी राहू द्या

विल्यम ऱ्हाइन हे अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियाचे दंतवैद्य आणि हौशी पक्षीनिरीक्षक. 1956 साली मेक्सिकोतल्या दुरांगो राज्याच्या डोंगरात खेचरावर बसल्या बसल्या त्यांनी एका मादी सुतार पक्ष्याचे चित्रण केले. फीत रंगीत आहे, पण जेमतेम 85 सेकंदांची. पाइनच्या खोडावर चढत चोचीने साल उचकटणारी मादी तीत दिसते. तिचा काळा तुरा पुढे वळलेला आहे. हा इम्पिरियल वुडपेकर, जगातला सर्वांत मोठा सुतार पक्षी. लांबी जवळपास दोन फूट, नराच्या डोक्यावर लाल तुरा. या पक्ष्याचे जिवंतपणीचे दुसरे छायाचित्र वा चित्रण आजवर मिळालेले नाही आणि त्या वर्षानंतरची एकही खात्रीशीर नोंद नाही. 2011 साली ही फीत अभ्यासकांनी जगापुढे आणली, तोवर पक्षी बहुधा संपलेला होता.

सिएरा माद्रे ऑक्सिडेंटल ही मेक्सिकोची पश्चिमेकडची पर्वतरांग. तिच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून दोन-अडीच हजार मीटरवर, पाइनची विस्तीर्ण जुनी जंगले होती. तिथे हा पक्षी टोळीने फिरे. वठलेल्या पाइनच्या सालीखाली भुंगेऱ्यांच्या जाडजूड अळ्या वाढतात, त्यावर त्याची गुजराण होती. एवढ्या मोठ्या पक्ष्याच्या पोटाला पुरतील इतक्या अळ्या मिळायच्या, तर खूप झाडे म्हातारी होऊन जागीच मरावी लागतात. एका टोळीला साधारण 26 चौरस किलोमीटर सलग जुने जंगल लागत असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

वनव्यवस्थापनाला नेमके हेच झाड नको असते. वठलेले झाड म्हणजे फुकट गेलेली जागा आणि रोगाचे घर, असा हिशेब मांडला जातो. सिएरा माद्रेत रस्ते आले, करवती आल्या. मोठ्या जिवंत पाइनच्या फळ्या झाल्या आणि वठलेले पाइन कागदाच्या लगद्यासाठी गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस पाहणी झाली तेव्हा इथल्या जुन्या पाइन-ओक जंगलाचा एक टक्कासुद्धा शिल्लक नव्हता.

शिकारीचाही वाटा होताच. नॉर्वेचा संशोधक कार्ल लुमहोल्त्स याने 1902 मध्येच लिहून ठेवले आहे की, पिल्लांच्या मांसासाठी इथले तारहुमारा आदिवासी मोठमोठी झाडे पाडतात आणि त्यामुळे हा पक्षी संपत चालला आहे. पुढे बंदुका स्वस्त झाल्या, लाकूडतोडीच्या छावण्या आत शिरल्या, तशी शिकारही वाढली. तरीही सगळा दोष डोंगरातल्या गरीब माणसांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. ते आणि हे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या एकाच जंगलात राहत आले होते. जंगल पाडून नेण्याचा निर्णय त्यांचा नव्हता.

फीत घेतली गेली होती त्या भागात 2010 साली अभ्यासक पुन्हा गेले, तेव्हा वृद्ध गावकऱ्यांशी बोलताना एक भयंकर गोष्ट कानावर आली. 1950 च्या दशकात वनखात्याकडून आलेल्या एकाने ‘हा पक्षी लाकडाची नासाडी करतो’ असे सांगून, तो ज्या झाडांवर चरतो त्यांना विष फासायला लावले होते. गोष्ट एका आठवणीवर उभी आहे, त्यामुळे किती पक्षी मेले ते सांगता येणार नाही. पण ज्या समजुतीतून ती आली ती आजही जगभर जिवंत आहे. हा पक्षी निरोगी झाडाचे लाकूड खात नव्हता. मेलेल्या झाडातल्या, लाकूड पोखरणाऱ्या अळ्या तो खात होता.

त्याच डोंगरात जाड चोचीचा हिरवा पोपट अजून तग धरून आहे. जुन्या पाइनमधल्या ढोल्यांत तो घरटे करतो. त्यांतल्या काही ढोल्या या मोठ्या सुतारानेच कोरलेल्या असत. आता हा पोपटही धोक्यात आहे. त्याच्यासाठी चिवावा राज्यातल्या एका सामूहिक जमिनीच्या मालकांनी मोबदला घेऊन काही वर्षे तोड थांबवण्याचा करार केला. जंगल राखणाऱ्याच्या पोटाची सोय आधी पाहणारा हा मार्ग मला कोणत्याही बंदीहुकुमापेक्षा अधिक खरा वाटतो.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत इम्पिरियल वुडपेकर आजही ‘अतिसंकटग्रस्त, बहुधा नामशेष’ असा नोंदलेला आहे. त्याच्यासाठी आपण इथून काही करू शकत नाही. पण सह्याद्रीतल्या धनेशालाही मोठ्या, जुन्या झाडाची ढोली लागते, आणि आपले सुतार, पोपट, पिंगळे अनेकदा वठलेल्या खोडांत पिल्ले वाढवतात. तुमच्या बांधावर, देवराईत किंवा सोसायटीच्या आवारात एखादे झाड वठले असेल आणि ते घरावर, रस्त्यावर पडण्याचा धोका नसेल, तर कुऱ्हाड लावू नका. ते उभे राहू द्या.