आधी चित्र, मग सूत्र

विद्यार्थी मित्रांनो, थंडीच्या दिवसांत कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा फिरवा आणि तो कागदाच्या कपट्यांजवळ न्या. कपटे उडी मारून कंगव्याला चिकटतात. कंगव्याने तर त्यांना स्पर्शही केलेला नसतो. मग त्यांना ओढले कोणी?

प्रभारित वस्तूचा प्रभाव तिच्या भोवतालच्या जागेत पसरलेला असतो. त्या जागेला मराठीत विद्युत क्षेत्र म्हणतात. उर्दूत तुम्ही त्यालाच 'बर्की मैदान' म्हणता. मैदान हा शब्द मराठीलाही परका नाही. खेळाचे मैदान जसे डोळ्यांनी दिसते, तसे हे मैदान मात्र दिसत नाही. म्हणूनच त्याची गणिते मुलांना अवघड वाटतात. मुले सूत्र पाठ करतात, आकडे घालतात आणि उत्तर चुकले की म्हणतात, "विज्ञान आपल्यासाठी नाही." हे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. माझे मत असे आहे, की चूक मुलांच्या बुद्धीत नसते, क्रमात असते. आधी चित्र काढावे, मग सूत्राला हात घालावा.

एक उदाहरण घेऊ. सूत्र सांगते, की स्थिरांकाला प्रभाराने गुणा आणि अंतराच्या वर्गाने भागा. स्थिरांक सुमारे ९ अब्ज आहे. समजा, एका लहान गोळीवर एक कूलोमच्या दहा लाखाव्या भागाइतका धन प्रभार आहे. तिच्यापासून १ मीटरवर क्षेत्र ९००० न्यूटन प्रति कूलोम येते. २ मीटरवर ते ४५०० होईल, असे तुम्हांला वाटेल. पण ते होते २२५०, आणि ३ मीटरवर फक्त १०००. अंतर दुप्पट झाले की क्षेत्र चौथा हिस्सा उरते. हा नियम फ्रान्समधील कूलोम या शास्त्रज्ञाने १७८५ साली प्रयोगाने दाखवून दिला.

आता तशीच दुसरी गोळी पहिलीपासून २ मीटरवर ठेवा. दोघींच्या बरोबर मध्ये क्षेत्र किती? पुष्कळ मुले ९००० आणि ९००० यांची बेरीज करून १८००० लिहितात. उत्तर चुकते. कागदावर दोन टिंबे काढा आणि मध्यबिंदूवर प्रत्येक गोळीचा बाण काढा. डावी गोळी उजवीकडे ढकलते, उजवी गोळी डावीकडे ढकलते. दोन्ही बाण सारखे आणि विरुद्ध दिशेचे आहेत. म्हणून उत्तर शून्य! एका गोळीवर ऋण प्रभार असता, तर दोन्ही बाण एकाच दिशेला गेले असते आणि तेव्हा १८००० हे उत्तर बरोबर ठरले असते. आकडे तेच, पण दिशा बदलली की उत्तर बदलते. दिशा सूत्रात सहज दिसत नाही, चित्रात दिसते.

धातूच्या गोळ्याचेही तसेच आहे. गोळ्याबाहेरचे क्षेत्र काढताना अंतर त्याच्या पृष्ठभागापासून मोजायचे नसते, केंद्रापासून मोजायचे असते. आकृती काढणारा विद्यार्थी येथे सहसा फसत नाही.

तुम्ही विचाराल, "परीक्षेत वेळ कमी असतो, चित्रे काढत कोण बसणार?" प्रश्न योग्य आहे. पण दोन टिंबे आणि दोन बाण काढायला अर्धे मिनिटही लागत नाही. चुकलेले गणित पुन्हा सोडवायला मात्र पाच मिनिटे जातात.

शिवाय ही वाट काही नवी नाही. मायकेल फॅरडे याचा जन्म १७९१ साली एका गरीब लोहाराच्या घरी झाला. चौदाव्या वर्षी तो पुस्तके बांधणाऱ्या दुकानदाराकडे काम शिकू लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला. त्याला उच्च गणित येत नव्हते. पण चुंबकाभोवती लोखंडाचा कीस कसा रांगा धरतो, हे त्याने बारकाईने पाहिले आणि प्रभाराभोवतीही अशाच बलरेषा कल्पिल्या. पुढे मॅक्सवेल या गणितज्ञाने त्या रेषांना समीकरणांचे रूप दिले. म्हणजे विज्ञानाच्या इतिहासातही आधी चित्र आले, मग सूत्र!

हा अभ्यास केवळ गुणांसाठी नाही. १८३६ साली फॅरडेने धातूने मढवलेली एक खोली तयार केली आणि उपकरणे घेऊन तो आत बसला. बाहेरून ठिणग्या उडत होत्या, पण आत प्रभाराचा मागमूसही लागला नाही. पोकळ वाहकाच्या आत बाहेरच्या प्रभाराचे क्षेत्र पोहोचत नाही. म्हणूनच विजा कडाडत असताना काचा बंद केलेल्या धातूच्या मोटारीत माणूस बराच सुरक्षित असतो. उलट, उंच आणि टोकदार वस्तूंच्या शेंड्याजवळ क्षेत्र फार तीव्र होते. तेथे वीज पडण्याचा धोका जास्त. तरीही पाऊस आला की लोक एकट्या झाडाखाली आसरा घेतात आणि जिवाला मुकतात. ज्याने क्षेत्राचे चित्र एकदा मनात उतरवले, तो स्वतः झाडाखाली थांबणार नाही आणि इतरांनाही थांबू देणार नाही. तो त्यांना पक्क्या घरात घेऊन जाईल.

तेव्हा मित्रांनो, पुढचे गणित समोर आले, की घाबरू नका. पेन्सिल घ्या, प्रभार मांडा, बाण काढा आणि मगच आकड्यांकडे वळा. न दिसणारे मैदान तुम्हांला दिसू लागेल.