मुंबईची किंमत कोण मोजतो?

मुंबईत राहणे परवडत नाही, असे या शहरातील बहुतेक श्रमिक कुटुंबे सांगतात. मुंबई सोडवत नाही, असेही तीच कुटुंबे सांगतात. या दोन विधानांत विसंगती नाही. ज्या शहराने कष्टकऱ्यांना पुष्कळ दिले, त्याच शहरात त्यांचा टिकाव लागणे आज अशक्य होऊ लागले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

प्रथम जमेची बाजू पाहावी. १८५४ साली ताडदेव येथे पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन झाली आणि पुढील काळात कोकण व घाटावरून आलेल्या कष्टकऱ्यांनी गिरणगाव वसविले. गिरणी, बाजार आणि १९२६ पासून परळचे के. ई. एम. रुग्णालय ही सारी पायी जाण्याच्या अंतरावर होती. या जवळिकीतूनच संघटना उभी राहिली. लोकमान्यांच्या शिक्षेविरुद्ध १९०८ साली झालेला सहा दिवसांचा संप, १९२० साली मुंबईतच झालेली आयटकची स्थापना, १९२८ ची गिरणी कामगार युनियन आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा हा इतिहास याच वस्त्यांनी घडविला. महानगरात राहण्याचा खरा लाभ हा आहे; तो कोणत्याही मालकाने दिलेला नाही.

खर्चाची बाजूही तितकीच खरी आहे. बी. डी. डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीत दोन-दोन पिढ्यांचे संसार झाले. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, हे त्या कायद्याचे मोठेच कार्य होय. परंतु गोठलेले भाडे पुढे करून घरमालकांनी दुरुस्ती सोडून दिली आणि शासनाची दुरुस्ती यंत्रणाही अपुरी पडली. २०१७ साली भेंडी बाजारातील इमारत कोसळून ३३ माणसे मृत्युमुखी पडली. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. जुन्या शहराचे गुणगान करताना या वस्तुस्थितीकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मग जमीन इतकी महाग झाली ती कशाने? रेल्वे, रस्ते, पाणी, बंदर आणि दीड शतकाचे श्रम यांनी हे मूल्य निर्माण केले. ते समाजाने निर्माण केले. खिशात मात्र जमीनमालकाच्या पडले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले : एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती मर्यादित करण्यात आली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. जनतेचा वाटा असा कागदावरच आकसला.

घरासाठी दीड लाखांहून अधिक गिरणी कामगार व वारसांनी अर्ज केले. त्यांतील अनेकांपुढे बदलापूरच्या पलीकडील शेलू-वांगणीचा पर्याय ठेवण्यात आला. तेथे घर मोठे व स्वस्त मिळेल, हे खरे. जो कामगार आपली खोली विकून कर्जत-विरारकडे जातो, त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही; मोकळी हवा आणि मुलांना अभ्यासाला कोपरा हवा असणे हा गुन्हा नव्हे. परंतु रोजगार, रुग्णालय व संघटना मागे ठेवून मिळालेल्या घराची उरलेली किंमत रोज लोकलच्या गर्दीत मोजावी लागते. भांडवलशाही घरांचा प्रश्न सोडवीत नाही, तो केवळ दुसरीकडे हलविते, हे एंगेल्सने १८७२ सालीच दाखवून दिले होते.

बोरीबंदरच्या स्थानकाला २००४ साली आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. ही जपणूक योग्यच आहे. परंतु दगड जपावेत आणि ते रचणाऱ्यांची नातवंडे शहराबाहेर जावीत, याला वारसा म्हणता येणार नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. गिरण्या, बंदर व शासन यांच्या ताब्यातील जमिनीवर परवडणारी सार्वजनिक भाड्याची घरे प्रथम उभारावीत. जुन्या चाळींची दुरुस्ती कायद्याने बंधनकारक व्हावी. पुनर्विकासानंतर मनोऱ्यातील देखभालीच्या खर्चापायी मूळ रहिवासी पुन्हा हुसकला जाऊ नये. अहमदाबाद, इंदूर, कानपूर येथेही गिरण्या बंद पडल्या आणि मागे जमीन उरली. तेथील साथींनी मुंबईच्या अनुभवापासून एवढा धडा अवश्य घ्यावा : जमिनीचा निर्णय झाल्यावर घरासाठी अर्ज करीत बसण्यापेक्षा, निर्णय होण्यापूर्वीच जमिनीसाठी संघटित झाले पाहिजे.