श्रोत्याचा निर्णय आणि मौखिक संहिता

मौखिक वाङ्मयाची चर्चा गायिका, पाठ आणि पाठभेद यांच्याभोवती फिरते. ऐकणाऱ्याचा विचार तीत क्वचितच होतो. कानावर पडलेला ध्वनी जसाच्या तसा मनात उतरतो, हे त्यामागील गृहीतक होय. श्रवणविषयक संशोधनापुढे ते टिकत नाही.

कॉलिन चेरी यांनी १९५३ साली श्रोत्यांच्या दोन कानांत दोन भिन्न निवेदने ऐकवून एकाचाच पुनरुच्चार करावयास सांगितले. दुसऱ्या कानातील इंग्रजी मध्येच जर्मन झाली, तरी अनेकांच्या ते ध्यानी आले नाही. १९७० साली रिचर्ड वॉरन यांनी एका शब्दातील ध्वनी काढून तेथे खोकला घातला. श्रोत्यांना शब्द अखंडच ऐकू आला. मेंदूच्या पृष्ठभागावरील विद्युत्संकेतांच्या आधारे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले, की कोणता शब्द ऐकला जाणार याची चाहूल डाव्या ललाटभागात आधी लागते आणि लुप्त ध्वनी श्रवणक्षेत्रात मागाहून भरला जातो. ऐकणे हे जितके ग्रहण, तितकाच निर्णय आहे.

या निर्णयाला वळण लावते ती मातृभाषा. इंग्रजी भाषिक घरांतील सहा ते आठ महिन्यांची अर्भके हिंदीतील दंत्य ‘त’ व मूर्धन्य ‘ट’ यांतील भेद ओळखतात, मात्र वर्षाची होईतो ती क्षमता बहुतांशी मावळते, हे जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखविले. ‘काल’ आणि ‘काळ’ यांतील भेद मराठी कानास उघड वाटतो; ज्याच्या भाषेत ‘ळ’ नाही, त्याच्या कानातून तो निसटू शकतो. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ ही जगण्याची आज्ञा, यांतील ‘ज’चा फरक तर देवनागरी लिपीही दाखवीत नाही.

हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात जात्यावरील लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. दळता दळता गाइलेली ओवी मुद्रित करताना यंत्र घरघर आणि स्वर दोन्ही सारखेच टिपते; निवड करतो तो श्रोता. घरघरीत बुडालेले अक्षर तो नकळत भरून काढतो. बोलीत वाढलेला ते बोलीच्या वळणाने भरील, नागर वाचनात वाढलेला कदाचित प्रमाणरूपाने. आणि छापील पानावर ते गायिकेचे म्हणूनच उभे राहील.

म्हणून मुद्रण हाच मूळ पाठ मानून तो अभ्यासकांस खुला ठेवावा. लेखन निदान दोघांनी स्वतंत्रपणे करावे, त्यांपैकी एक गायिकेच्याच बोलीचा असावा. जेथे दोघांचे कान जुळत नाहीत, ती अक्षरे तशी दाखवावीत. यात वेळ व पैसा अधिक लागेल, हा आक्षेप खरा आहे. परंतु पोथीतील पुसट अक्षर वाचताना साक्षेपी संपादक आपला तर्क निराळा नोंदवितो, आणि त्या श्रमास कोणी अपव्यय म्हणत नाही. दळणाऱ्या बाईच्या अक्षरासही तोच न्याय मिळाला पाहिजे.